अण्णांची 'शेवटची' फिल्म: अकरा मिनिटांच्या एका रिळाचं प्रकरण

एका जुन्या विनोदी नटाची, अण्णांची, एक शॉर्ट फिल्म जुन्या फिल्म दाखवणाऱ्या आमच्या मंडळाकडे आली, तिची ही हकीकत. माणसांची, मंडळाची आणि फिल्मची नावं काढून टाकलीयत, अण्णांच्या घरच्यांची तशी अट होती. बाकी जे झालं ते तसंच लिहितोय. जुन्या फिल्म दाखवणारी छोटी मंडळं हल्ली बरीच झालीयत आणि त्यांच्याकडे असं काही ना काही येतंच, त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर.

पार्श्वभूमी

अण्णा म्हणजे लालबागचे. दिवसा गिरणीत साचेखात्यात (मागांच्या खात्यात), संध्याकाळी तालीम. पन्नास-साठच्या दशकात कामगार रंगभूमीवर आणि लोकनाट्यांत सोंगाड्या म्हणून त्यांचं नाव होतं, गिरणगावात तर होतंच होतं, गणपतीत एकेका रात्री दोन-दोन मंडळांत प्रयोग. मग मराठी पिक्चरमध्ये बारकी कामं मिळायला लागली, पोस्टमन, न्हावी, गावचा कोतवाल, त्यासाठी रजा टाकून कोल्हापूरला जायचे. मुख्य भूमिका कधीच नाही. 1971 नंतर दादा कोंडक्यांची लाट आली, विनोदाचा वेगच बदलला, 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ज्या प्रेक्षकाच्या जिवावर अण्णांचं चालायचं तो हळूहळू घरातच बसायला लागला (ज्याच्या घरी टीव्ही नाही तो शेजाऱ्याच्या दारात). सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी अण्णांना कोणी बोलवेना. त्यात पाठांतर दगा द्यायला लागलं. नाटकवाल्यांत अशी बातमी लपत नाही, एकदा 'ते ब्लँक होतात' असं पसरलं की झालं, संपलं.

आणि अशा वेळी एक पोरगा त्यांच्याकडे आला. दादरच्या छबिलदास शाळेत व्हायच्या त्या प्रायोगिक नाटकांत बॅकस्टेज करणारा, खिशात पैसा नाही, ओळखीने मिळालेला सोळा एमएम कॅमेरा, ओरवो या पूर्व जर्मन कंपनीची ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह जमेल तशी गोळा केलेली. त्याला स्वतःची पहिली शॉर्ट फिल्म करायची होती. पुढे हा माणूस जाहिरातीत आणि मग सिरियल्समध्ये गेला, चांगलं नाव झालं, पण ही फिल्म त्याच्या कुठल्याच यादीत नाही. शूटिंग 1981 च्या गणपतीच्या सुट्टीत, परळमधल्या एका फोटो स्टुडिओत. चारच महिन्यांनी, 18 जानेवारी 1982 ला, गिरणी संप सुरू झाला आणि त्या गल्लीतलं सगळंच बदललं, पण तेव्हा कोणाला काय माहीत.

फिल्म अकरा मिनिटांची. गोष्ट काहीच नाही. रिटायर झालेला गिरणी कामगार फंडाच्या कागदांसाठी फोटो काढायला येतो आणि दर वेळी ऐन क्षणाला डोळे मिटतो. फोटोग्राफर चिडत जातो. बस्स, एवढंच.

अण्णांना द्यायला पैसे नव्हते म्हणून दिग्दर्शकाने फिल्मची एक प्रिंट त्यांना देऊन टाकली. निगेटिव्ह लॅबमध्ये राहिली, लॅब पुढे बंद झाली, निगेटिव्हचा पत्ता नाही. दिग्दर्शकाची स्वतःची कॉपी घर बदलताना गेली. म्हणजे जगात उरलेली एकमेव प्रिंट अण्णांच्या चाळीतल्या माळ्यावर, मंगलोरी कौलांच्या बरोब्बर खाली, लोखंडी डब्यात. अण्णा 1984 ला गेले. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा त्यांच्या मुलीने, ताई म्हणूया त्यांना, माळा रिकामा केला आणि डबा आमच्या मंडळातल्या एकाकडे आणून दिला. "बाबांचं काहीतरी आहे यात, बघा लावता येतं का."

अडचण नेमकी काय होती

डबा उघडल्या उघडल्या आंबूस वास आला. हा वास ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोळा एमएमची जुनी फिल्म बहुतेक ॲसिटेटची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) असते, उष्णता आणि दमट हवा लागली की ती सडायला लागते, ॲसेटिक ॲसिड सुटतं, याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला वाढवतं कारण सुटलेलं ॲसिडच पुढची सड ओढून आणतं, बंद डब्यात तर अजून जोरात, गंजलेलं लोखंड त्याला मदतच करतं. थंडीत ठेवून मंद करता येतं, उलटं फिरवता येत नाही. मुंबईतली इतकी वर्षं, इतके पावसाळे, वर कौलं... रीळ शाबूत होतं हेच नवल. कडा वाकल्या होत्या, फिल्म आकसली होती, दोन जोड सुटले होते.

हा झाला वस्तूचा प्रश्न, याला उत्तर असतं. खरा घोळ फिल्ममध्ये होता.

सातव्या मिनिटाच्या आसपास फोटोग्राफर ओरडतो, "अहो डोळे उघडे ठेवा, सरकारी काम आहे!" यावर अण्णांचं वाक्य आहे. दिग्दर्शकाकडे सायक्लोस्टाइल केलेली संहिता अजून होती, त्यात ते वाक्य असं: "सरकारी कामात डोळे उघडे ठेवले तर सही कोण करेल?" पडद्यावर अण्णा म्हणतात, "सरकारी कामात..." आणि थांबतात. थांबतात म्हणजे चांगलेच थांबतात. नजर कॅमेऱ्याच्या बाजूला जाते, ओठ किंचित हलतात, डावा हात टोपीकडे जाऊन परत मांडीवर येतो. नीट कान दिला तर मागून कोणीतरी कुजबुजलेलं ऐकू येतं, "डोळे... डोळे उघडे..." अण्णा ते घेत नाहीत. आणखी थोडं थांबतात आणि मग एकदम निरागसपणे फोटोग्राफरलाच विचारतात, "काय करायचं असतं हो, सरकारी कामात?"

समोरचा फोटोग्राफर हा बँकेत नोकरी करणारा हौशी नट, त्याला हसू आवरत नाही, तो पटकन कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालतो आणि नंतर बराच वेळ ते कापड हलत राहतं. त्याच्या पाठीवर घामाने शर्ट चिकटलाय तो पण गदगदतोय. अण्णा शांत, मान थोडी तिरकी करून उत्तराची वाट बघत बसलेत. कट नाही. दिग्दर्शकाने सगळं ठेवलंय.

आता हे काय आहे? अण्णा विसरले आणि सावरलं? की विसरल्याचं सोंग केलं? की आधी खरंच विसरले आणि मग त्याच विसरण्याचा लाफ्टर काढला? ताईंनी लॅपटॉपवर हे बघितलं आणि पहिलं वाक्य हे होतं, "बाबांचा विसराळूपणा चार लोकांत दाखवणार का तुम्ही?"

काय काय पर्याय होते

रिळाचं काय करायचं यावर फार वाद झाला नाही. मंडळातले जुने लोक म्हणाले प्रोजेक्टरवर एकदा लावून तर बघू, तेवढी मजा. ते लगेच बाद केलं. एवढी आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाही, भोकं फाटतात, आणि एकुलत्या एक प्रिंटशी असा जुगार खेळत नाहीत. थेट पुण्याला फिल्म अर्काइव्हमध्ये द्यायची हा दुसरा मार्ग, सुरक्षित, पण आम्हाला दाखवायची पण होती. म्हणून मुंबईतच स्कॅन करून घ्यायचं आणि मूळ रीळ मग अर्काइव्हला, असं ठरलं. भिंतीवर पाडून मोबाइलने शूट करू असंही एकाने सुचवलं होतं, त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

हक्कांचं प्रकरण थोडं समजून घेण्यासारखं आहे कारण इथे बहुतेक मंडळं गोंधळतात. रीळ ताईंच्या मालकीचं, पण कॉपीराइट ताईंचा नाही. कायद्याने फिल्मचा 'कर्ता' निर्माता असतो आणि इथे निर्माता म्हणजे दिग्दर्शकच, हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. म्हणजे कागदावर ताईंना विचारायची गरजच नव्हती, दिग्दर्शकाने एका ओळीत परवानगी दिली, "लावा की, मला तर वाटलं गेली ती." पण डबा ज्यांनी जपला त्यांना डावलून दाखवायची हे कोणालाच पटेना. तिसरी भानगड संगीताची. टायटल्सखाली एक जुनं नाट्यपद वाजतं, सरळ रेकॉर्डवरून उचललेलं, त्या काळी सगळे तेच करायचे. रेकॉर्डचा हक्क वेगळा, पदाचा आणि चालीचा वेगळा. ते सुटत नाही तोवर इंटरनेटवर टाकायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं आणि तो निर्णय अजून तसाच आहे.

मग तो थांबलेला भाग. तीन मतं होती:

ताईंचा मुलगा म्हणाला तेवढं कापा. "सरकारी कामात" इथपासून काळ्या कापडापर्यंत सगळं उडवा, गोष्टीला काही फरक पडत नाही. खरंच पडत नाही. कायद्याकडे बघितलं तर 2012 च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या कामाची मोडतोड रोखायचा हक्क आला, पण त्यातच लिहिलंय की नुसतं एडिटिंगसाठी एखादा भाग काढला तर ती बदनामी धरायची नाही. म्हणजे कापलं असतं तरी कोणी विचारणारं नव्हतं. म्हणूनच ते जास्त अवघड झालं.

साउंडवाल्या पोराचं म्हणणं वेगळं आणि खरं तर सगळ्यात घातक. तो म्हणाला कापू नका, मी नुसती ती कुजबुज पुसतो, खरखरीबरोबर ती पण निघून जाईल, मग ते फंबल, म्हणजे अडखळणं, वाटणारच नाही, मस्त टायमिंग वाटेल. त्याने करूनही दाखवलं. आणि खरंच, कुजबुज गेली की अण्णा एकदम उस्ताद वाटतात. घरचे खूश, समितीतले अर्धे खूश.

तिसरं मत समितीतल्या एका बाईंचं, ज्यांनी स्वतः वीस-पंचवीस वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे विसरलेलं वाक्य नटाला हळूच सांगायचं काम. त्या म्हणाल्या, "अरे ती कुजबुज गेली तर त्या माणसाने काय केलं तेच गेलं. प्रॉम्प्ट मिळूनसुद्धा त्याने घेतला नाही, हे दिसायला नको?" वाक्य कानात पडलेलं असताना ते सोडून देणं, हे विसरलेल्या माणसाचं लक्षण नाही. निदान त्या क्षणी तरी अण्णांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. मला हा मुद्दा पूर्ण पटला. सगळ्यांना पटला असं नाही.

दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला अण्णा त्या दिवशी सकाळपासून अडखळत होते, हे खरंय, म्हणूनच प्रॉम्प्टर ठेवला होता. रीटेकला फिल्म उरली नव्हती. "ते विसरले की नाही मला तेव्हाही कळलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, हसले ना सगळे?"

प्रत्यक्षात काय केलं

स्कॅनिंग दातेविरहित स्कॅनरवर झालं, रोलरवरून फिल्म हळू सरकते आणि कॅमेरा एकेक फ्रेम टिपतो, आकसलेल्या फिल्मला तेच बरं. दोन फाइल केल्या. एक जशी आहे तशी, खरखर, ओरखडे, कुजबुज सगळ्यासकट, तिला हात लावायचा नाही. दुसरी दाखवायची, तिच्यात ओरखडे कमी केले, चित्र हलत होतं ते स्थिर केलं, आवाजाची खरखर उतरवली पण कुजबुज ठेवली. कापाकापी काही नाही. ताईंना हे समजावायला प्रॉम्प्टरबाईच गेल्या, आम्ही गेलो नाही, आणि ते बरं झालं कारण त्यांनी फिल्मबद्दल कमी आणि अण्णांबरोबर केलेल्या एका जुन्या दौऱ्याबद्दल जास्त गप्पा मारल्या. ताई म्हणाल्या, "ठेवा मग. पण लोक हसले पाहिजेत, कीव नको."

ही अट आम्ही कागदावर लिहून घेतली नाही. लिहून घेतली असती तर पहिला प्रयोग तसा झाला नसता.

त्याआधी एक प्रश्न, ही फिल्म अण्णांची शेवटची आहे का? पोस्टरवाल्याला 'शेवटची भूमिका' हवं होतं. शूटिंग 1981, अण्णा गेले 1984, मधल्या काळात नाटक नाही हे घरचे खात्रीने सांगतात, पण शेजारचे एक आजोबा म्हणाले की टीव्हीवर कुठल्याशा कामगारांच्या कार्यक्रमात बघितलं होतं. त्याचा पुरावा मिळेना, टेप पुसून परत वापरायची तेव्हा पद्धतच होती. शेवटचं काम ठरवणं वाटतं तेवढं सोपं नसतं, शूटिंगची तारीख धरायची की रिलीजची इथूनच सुरुवात. मूकपटांतला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन याचंच बघा, तो 1 फेब्रुवारी 1966 ला गेला, त्याचा एक मोठा पिक्चर त्यानंतर रिलीज झाला, आणि त्याच अखेरच्या काळात कॅनडात बांधकामावरच्या सुरक्षिततेसाठी केलेली एक शॉर्ट फिल्म पण आहे जी फारशी कोणी बघितलेलीच नाही. आम्ही नोंदीत लिहिलं 'उपलब्ध असलेलं शेवटचं काम'. पोस्टरवर मात्र 'शेवटचं दर्शन' छापून आलं. ते समितीने बघून पास केलं होतं.

काय झालं

पहिला शो दादरला. हॉल भरला. व्यासपीठावर अण्णांचा फोटो, फोटोला हार, समई. तीन भाषणं. तिसऱ्या वक्त्याने तर 'स्मृतिभ्रंशाशी झुंजत' असा शब्द वापरला, जो कोणत्याही डॉक्टरने कधी वापरला नव्हता. मग दिवे गेले आणि फिल्म सुरू झाली, आणि अकरा मिनिटं हॉलमध्ये कोणी हसलं नाही. पहिल्यांदा डोळे मिटतात तिथे नाही, तिसऱ्यांदा मिटतात तिथेही नाही. थांबतात तिथे मागून कोणीतरी 'च्च' केलं. काळं कापड हलत होतं तेव्हा माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. शेवटी टाळ्या भरपूर, उभं राहून वगैरे. ताई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "शोकसभा छान झाली."

दुसरा शो काही महिन्यांनी, पार्ल्याला, कॉलेजच्या पोरांसमोर, आणि तो ठरवून वेगळा केला. प्रॉम्प्टरबाईंचीच आयडिया. प्रास्ताविक नाही, फोटो नाही, नाव फक्त टायटल्समध्ये जेवढं येतं तेवढं. तीन शॉर्ट फिल्म एका पाठोपाठ, त्यात ही मधली. पोरांना अण्णा कोण हे माहीतच नाही, एक म्हातारा खुर्चीत बसलाय एवढंच. दुसऱ्यांदा डोळे मिटले तिथे खसखस, तिसऱ्यांदा जोरात. "सरकारी कामात..." ला आधी थोडे हसले, मग थांबले, मग हॉलमध्ये जरा अवघडलेपण आलं, कोणीतरी हळूच "अरे" म्हणालं, आणि "काय करायचं असतं हो" ला जो हशा फुटला तो काळं कापड हलायचं थांबेपर्यंत चालला. पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. नंतर सांगितलं हे कोण होते, कधीचं आहे, आणि तो थांबण्याचा प्रश्न पण त्यांच्यासमोर ठेवला. एका मुलीने विचारलं की संहितेतलं वाक्य जास्त चांगलं होतं का? सगळे म्हणाले नाही.

तीच फाइल, तोच आवाज, तीच कुजबुज. बदललं फक्त हे की बघणाऱ्याला आधी काय सांगितलं होतं. 'शेवटची' म्हटलं की माणूस विनोदवीर बघायला बसत नाही, अंत्यदर्शनाला बसतो, आणि तिथे हसणं वाईट दिसतं. पार्ल्याच्या पोरांचं वय विशीचं आणि दादरच्या प्रेक्षकाचं सरासरी साठीचं, हा फरक आहेच, तो मी नाकारत नाही. पण नंतर लालबागच्या एका गणेशोत्सव मंडळात म्हाताऱ्या मंडळींसमोर, काही न सांगता लावली तेव्हाही हशा आला, आणि तिथे तर दोघातिघांनी अण्णांना चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

त्या लालबागच्या शोला आणखी एक झालं. गिरणीतले एक जुने सहकारी म्हणाले की अण्णा हे आधीपासून करायचे, वाक्य अर्धं सोडून समोरच्या नटालाच पुढचं विचारायचे, नवीन पोरगा असला की त्याची पाचावर धारण बसायची. म्हणजे जुनी युक्ती. दुसरे लगेच म्हणाले छे, तसं कधी नव्हतं, अण्णा शब्दाला पक्के, कानामात्रा इकडची तिकडे नाही. दोघे खूप वेळ भांडले. आम्ही दोन्ही लिहून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला शोच पार्ल्यासारखा करता आला असता. भाषणं ठेवायचीच असतील तर फिल्मनंतर. पण मंडळाच्या बाजूने एवढं म्हणतो की पहिल्या शोला घरचे, नातेवाईक, जुने नाटकवाले येणार होते, त्यांना बिनहाराचा कार्यक्रम कोरडा वाटला असता, आणि स्कॅनिंगची वर्गणी ज्यांनी दिली ते व्यासपीठाशिवाय तयार झाले नसते. हे दोन वेगळे कार्यक्रम करायला हवे होते, एक अण्णांसाठी आणि एक फिल्मसाठी. एकाच संध्याकाळी दोन्ही बसवायला गेलं की फिल्म मरते.

ताईंना दाखवायची पद्धत पण चुकीची होती. घरच्या माणसाला लॅपटॉपवर, एकट्याने, आवाज कमी ठेवून विनोदी फिल्म दाखवली तर त्याला फंबलच दिसणार. सात-आठ माणसं जमवून भिंतीवर मोठी दाखवली असती तर कापायचा विषय कदाचित निघालाच नसता.

कुजबुज ठेवली हे योग्यच. पण समजा पुसली असती आणि मूळ फाइल जपली असती तर फार बिघडलं असतं का? साउंडवाला पोरगा अजून हेच विचारतो. माझं म्हणणं, लोक दाखवायची फाइलच बघतात, मूळ फाइल कोणी उघडत नाही, त्यामुळे जे दाखवतो तेच पुढे खरं होतं. त्याला ते अजून पटलेलं नाही.

रीळ आता पुण्याला आहे, थंड खोलीत, हवा खेळेल अशा डब्यात. नाट्यपदाच्या हक्काचा पत्रव्यवहार चालू आहे. इतर मंडळांनी फिल्म मागितली की फाइलबरोबर एक कागद जातो: पोस्टरवर 'शेवटचं' नको, आधी भाषण नको, आवाज पुरेसा मोठा ठेवा, आणि ही फिल्म एकटी लावू नका. आत्तापर्यंत चार मंडळांनी नेली, त्यातल्या एकाने समई लावलीच.